मुक्काम कुणाच्या सोयीचा?

सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपासून झाल्या, की आमच्या घरात सुट्टीचा विषय निघतो. शाळेत शिकवणाऱ्यांना सुट्टी मिळते ती सगळ्या जगाला मिळते तेव्हाच. म्हणजे गर्दी ठरलेली आणि चढे दरही ठरलेले. तरीही या दिवाळीत जायचंच होतं. मुलांचा हट्ट दोन वर्षांपासून लांबवलेला होता : खोपोलीजवळचं इमॅजिका बघायचं. मिरजेहून ते तीनशे किलोमीटरच्या वर. एका दिवसात जाऊन येण्यासारखं नाही. पार्कचं तिकीट हा प्रश्न सोपा होता, पैसे भरले की तिकीट मिळतं. अवघड होता तो राहायचं कुठे हा प्रश्न. त्यावर आमच्याकडे आठवडाभर इशानंतर मशवरा चालला. त्यातून जे हाती लागलं ते इतर घरांच्याही उपयोगी पडेल, म्हणून हे लिहीत आहोत.

आधी घरातली माणसं सांगतो, कारण मुक्कामाचा सगळा हिशेब माणसांवरून सुरू होतो. आम्ही दोघं, आमची तीन मुलं, मुलांचे चाचा-चाची, त्यांचा चार वर्षांचा मुलगा आणि अम्मी. एकूण नऊ. अम्मींचं वय सत्तरीच्या पुढे, दोन्ही गुडघे दुखरे. नमाज खुर्चीवर बसून. त्यांच्या आयुष्यातले सफर आठवून पाहिले तर लग्न, मय्यत आणि दवाखाना, एवढ्या तीनच कारणांसाठी त्या गावाबाहेर पडलेल्या. नुसतं फिरायला म्हणून त्या कधी कुठे गेल्याच नव्हत्या.

पहिल्या रात्री मुलांनी मोबाईलवर फोटो दाखवले ते पार्कच्या दाराशीच असलेल्या मोठ्या हॉटेलचे. पोहण्याचा तलाव, काचेच्या भिंती, सकाळी खिडकीतून दिसणारे डोंगर. दाराशीच हॉटेल ही कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९५५ साली डिस्नेलँड उघडलं, तेव्हा वॉल्ट डिस्नेंजवळ भोवतालची जमीन घेण्याइतका पैसा नव्हता. पार्क चाललं आणि आजूबाजूला दुसऱ्यांची मोटेलं उगवली. लोक खेळायला डिस्नेंकडे आणि झोपायला शेजाऱ्याकडे. म्हणून पुढे फ्लोरिडात त्यांनी आधीच अफाट जमीन घेऊन ठेवली. त्यांच्या निधनानंतर १९७१ साली तिथलं पार्क उघडलं, ते स्वतःची दोन हॉटेलं बरोबर घेऊनच. आपल्याकडे १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं, तेव्हा हा प्रश्न नव्हता. शाळेच्या सहली सकाळी लाँचने जायच्या आणि संध्याकाळी परत यायच्या. इमॅजिका २०१३ साली मुंबई-पुण्याच्या मधोमध आलं, पुढच्या वर्षी त्याचं वॉटर पार्क आणि २०१५ साली त्याचं हॉटेल. तेव्हापासून आपल्या घरांतही ‘पार्कला जायचं’ याबरोबर ‘राहायचं कुठे’ हे आलं.

दाराजवळच्या हॉटेलचा फायदा खरा आहे. सकाळी चालत जावं, थकलं की चालत परत यावं. पण मोठ्या हॉटेलात एका खोलीत साधारण दोन मोठी माणसं आणि एक लहान मूल, असा हिशेब असतो. आमच्या नऊ माणसांना तीन खोल्या तरी लागणार होत्या. सुट्टीतल्या दराने त्यांचा एका रात्रीचा आकडा आमच्या महिन्याच्या किराण्याच्या वर गेला. चाचांनी कागदावर तो आकडा लिहिला आणि खाली ‘इस्राफ’ असा शब्द लिहून दोनदा अधोरेखित केला. मुलं गप्प झाली. ज्यांच्या घरात माणसं तीन-चारच आहेत आणि ज्यांना परवडतं, त्यांनी तिथे जरूर राहावं. हलालच्या कमाईतून घरच्यांना चार सुखाचे दिवस देणं यात गैर काही नाही. आमच्या माणसांचं आणि पैशांचं गणित मात्र तिथे जुळत नव्हतं.

दुसरा पर्याय लोणावळ्याचा. तिथे हॉटेलं भरपूर, प्रत्येकाच्या खिशाला चालतील अशी. आम्ही नकाशा उघडला. पार्क घाटाखाली, रायगड जिल्ह्यात, खोपोली-पाली रस्त्यावरच्या सांगडेवाडीजवळ. लोणावळा घाटावर. म्हणजे दिवसभर उन्हात फिरून, रात्री दमलेली मुलं मांडीवर घेऊन घाट चढायचा. सुट्टीच्या दिवसांत बोर घाटात गाड्यांच्या रांगा लागतात हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. कागदावर पंचवीस किलोमीटर दिसतात, पण अम्मींच्या गुडघ्यांनी मोजले तर ते फार लांब. ज्यांना लोणावळा-खंडाळाही बघायचं आहे त्यांना तो मुक्काम सोयीचा. आम्हाला फक्त पार्क बघायचं होतं.

तिसरा पर्याय सगळ्यांना एकदम पटला. अख्खा बंगला भाड्याने घ्यायचा. खालापूर आणि कर्जत तालुक्यांत असे बंगले पुष्कळ आहेत. स्वयंपाकघर आपलं, म्हणजे हलालचा प्रश्न मिटला. हॉल मोठा, म्हणजे घरातच जमात करता येईल. अंगणात मुलं खेळतील. भाडंही नऊ माणसांत वाटलं तर झेपणारं.

एका बंगल्याला फोन लावला. तारखा मोकळ्या होत्या. किती माणसं, किती गाड्या, सगळं बोलणं छान झालं. मग समोरच्यांनी नाव विचारलं. आम्ही पूर्ण नाव सांगितलं. पलीकडे क्षणभर काही ऐकू आलं नाही आणि मग उत्तर आलं, “अहो, त्या तारखा गेल्यात वाटतं. बघून सांगतो.” त्यांचा फोन आला नाही.

कारण काय होतं ते आम्ही कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. तेव्हा शपथेवर काही सांगणार नाही. पण हे वाचणाऱ्या बहुतेक घरांना तो क्षणभराचा थांबा ओळखीचा असेल. भाड्याचं घर शोधताना तो ऐकलेला असतो. आमची थोरली मुलगी नववीत आहे. फोनचा स्पीकर चालू होता आणि ती शेजारीच बसली होती. ती म्हणाली, “पुढच्या वेळी नाव नकोच सांगायला. पैसे भरून टाकायचे आणि जायचं. आल्यावर काय करणार आहेत ते?”

तिच्या या बोलण्यावर त्या रात्री आम्ही सगळ्यात जास्त वेळ बोललो. तिला समजावलं ते असं : नाव लपवून मिळवलेली खोली ही खोली मिळेपर्यंतच आपली. फोनवरचा नकार हा फक्त एक नकार असतो, फोन ठेवला की संपतो. तोच नकार रात्री नऊ वाजता दारात मिळाला, गाडीत लहानगा झोपलेला असताना आणि अम्मी पाय धरून बसलेल्या असताना, तर तो सगळ्यांच्या मनात घर करून बसेल. म्हणून आपण नाव पहिल्याच वाक्यात सांगायचं, पूर्ण आणि स्वच्छ. ज्याला आपण नको आहोत, तो पहिल्या मिनिटात कळलेला बरा. आणि जो नाव ऐकूनही “या” म्हणतो, त्याच्या दारात आपण मान वर करून जातो.

दुसऱ्या बंगल्याच्या फोनवर तिनेच नाव सांगितलं. पलीकडे एक वयस्कर गृहस्थ होते. म्हणाले, “या की. फक्त एक आहे. आमच्या आईला मटणाचा वास चालत नाही, ती शेजारीच राहते. करणार असाल तर मागच्या पडवीत चूल आहे, तिथे करा.” अट होती, पण समोरासमोर सांगितलेली, कारणासकट. अशी अट पाळायला आम्हाला काहीच जड नाही. आपल्या अम्मींसाठी आपण ज्या अटी घालतो तशीच ती होती. थोरली फोन ठेवून हसली. त्या हसण्यासाठी तरी हे फोन केले ते बरं झालं, असं वाटलं.

तरीही तो बंगला आम्ही घेतला नाही. कारण चाचींनी एक साधा प्रश्न विचारला, “स्वयंपाकघर आपलं, म्हणजे नेमकं कुणाचं?”

नऊ माणसांचा नाश्ता, रात्रीचं जेवण, भांडी, दुसऱ्या दिवशीची तयारी. मिरजेत जे करायचं तेच खोपोलीत, तेही परक्या चुलीवर आणि मोजक्या भांड्यांत. मुलांना सुट्टी, पुरुषांना सुट्टी आणि घरातल्या दोन बायकांची फक्त बदली. चाची हे हसत म्हणाल्या, पण सगळ्यांना ते लागलं. रमजानच्या इफ्तारीपासून ईदच्या शीरखुर्म्यापर्यंत आपल्या घरांतल्या प्रत्येक सणामागे कुणीतरी चुलीशी उभं असतं. सहलही तशीच व्हायची असेल तर ती सहल कुणाची?

चौथा पर्याय अम्मींच्या मनातला होता. पनवेलला मुलांची फुफी राहते. अम्मींची एकुलती एक मुलगी. तिचा दोन खोल्यांचा फ्लॅट. “बहन का घर है,” चाचा म्हणाले. पाहुणचाराचा हक्क तीन दिवसांचा, हेही कुणीतरी आठवून दिलं. आम्ही फुफीला फोन केला. ती आनंदाने “याच” म्हणाली आणि लगेच मोजायला लागली : गाद्या शेजारून आणते, बिर्याणी पहिल्या रात्री, सकाळी खिमा-पाव, डबा बांधून देते. तिचा उत्साह ऐकत असताना आम्हाला दिसत होतं ते हेच, की आम्ही पार्कात असू आणि ती ओट्याशी. नातं जोडून ठेवणं ही फार मोठी गोष्ट आहे. पण पाहुण्याने यजमानाला कोंडीत टाकू नये, हीसुद्धा त्याच शिकवणीतली दुसरी बाजू आहे. दोन खोल्यांत नऊ माणसं म्हणजे कोंडीच.

आता उरल्या अम्मी. त्यांच्या गुडघ्यांवर सगळे बोलत होते. कुणी म्हणालं, एकाने अम्मींसोबत मिरजेतच राहावं. कुणी म्हणालं, त्यांना पनवेलला सोडून आपण पुढे जावं. आम्ही मशवऱ्यात त्यांनाच विचारलं. अम्मी तसबीह बाजूला ठेवून म्हणाल्या, “मैं आती. मेरे वास्ते कोई पीछे नक्को रहो. कमरा नीचे का होना, और कुर्सी का संडास होना. बस.”

या तीन वाक्यांनी आठवडाभराचं काम झालं. पहिल्या वाक्यात त्यांची इच्छा, दुसऱ्यात त्यांचा स्वाभिमान आणि तिसऱ्यात हॉटेलची संपूर्ण मागणी. आम्ही पुन्हा यादी केली, पण या वेळी सुरुवात तलावापासून किंवा दरापासून केली नाही. सुरुवात केली ती सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसापासून. तळमजला. कमोड. पार्कपासून इतकं जवळ, की दुपारी कुणी थकलं तर वीस-पंचवीस मिनिटांत पाठ टेकता यावी. कुणाला स्वयंपाक करावा लागू नये. जवळ मशीद असावी आणि विश्वासाने जेवता येईल अशी खानावळ. पोहण्याचा तलाव यादीत शेवटी गेला आणि मुलांनी तो स्वतःच खोडला.

या यादीला पुरं पडलं ते खोपोली गाव. पार्कपासून आठ-दहा किलोमीटर. कर्जतवरून येणारी लोकल जिथे संपते ते हे गाव. मुंबईच्या बाजूने येणाऱ्यांना गाडीशिवायही पोहोचता येतं. गावात मशीद आहे, आपली वस्ती आहे आणि खानावळी आहेत. तिथल्या एका साध्या लॉजमध्ये तळमजल्यावर तीन खोल्या मिळाल्या. थोरलीनेच फोन केला, पहिल्या वाक्यात नाव सांगितलं. व्यवस्थापकांनी फक्त विचारलं, “मोठ्या माणसांची आधार कार्डं आणाल ना?”

खोल्या ठरवताना आम्ही फोनवर जे जे विचारलं ते इथे देतो. सोबत वयस्कर माणूस असेल त्यांच्या कामाला येईल. खोली कोणत्या मजल्यावर, आणि वर असेल तर लिफ्ट चालू आहे का. न्हाणीघरात बसून वुजू करता येईल अशी जागा किंवा निदान स्टूल मिळेल का. बादली आणि मग आहे का, फरशी घसरडी आहे का. एका खोलीत जास्तीची गादी किती पैशांत. खोली दुपारी किती वाजता ताब्यात मिळते आणि किती वाजता सोडावी लागते. फजरनंतर निघून लवकर पोहोचणाऱ्यांना तिथे बसायला जागा आहे का. रद्द केलं तर पैसे परत मिळतात का. जवळ दवाखाना कुठे. आणि ‘हलाल मिळतं का’ एवढाच प्रश्न पुरत नाही. त्याला सगळे ‘हो’च म्हणतात. गोश्त कुठून येतं ते विचारावं. उत्तर चाचपडत आलं तर भाजी, डाळ, अंडी, मासे आहेतच.

मंगळवारी फजर पढून आम्ही क्रूझर गाडीने निघालो. दिवस मुद्दाम कामाचे निवडले होते. शनिवार-रविवारची गर्दी टळते, जुमा आपल्या मोहल्ल्यात मिळतो आणि पार्कच्या तिकिटाचा दरही तारखेप्रमाणे कमी-जास्त असतो. घाट उतरून खोपोलीला पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. त्या दिवशी पार्कला गेलोच नाही. लांबच्या प्रवासानंतर त्याच दिवशी पार्क गाठलं, तर अर्धं तिकीट थकव्यात जातं. मुलांनी खोल्या वाटून घेतल्या. धाकट्याने मोबाईलच्या होकायंत्रावर किब्ल्याची दिशा काढली, आपल्या भागात ती पश्चिमेपासून किंचित उत्तरेला येते. चाचांनी अम्मींची खुर्ची त्या दिशेला लावली.

नमाजीबद्दल दोन शब्द. खोपोली मिरजेपासून इतकं लांब, की आम्ही मुसाफिर होतो. जोहर, असर आणि इशा या चार रकातींच्या फर्ज नमाजी दोन-दोनच. स्थानिक इमामांमागे पढलो तर मात्र त्यांच्याबरोबर पूर्ण चार. आमचं घर हनफी. चाची चिपळूणच्या, कोकणातल्या, म्हणून शाफई. त्यांच्या मसलकात सफरात जोहर-असर एकत्र आणि मगरिब-इशा एकत्र पढता येतात. आमच्याकडे तसं नाही. पण जोहर तिच्या वेळेच्या शेवटी आणि असर तिच्या वेळेच्या सुरुवातीला, अशा लागोपाठ पढल्या तर एकाच वुजूत आणि एकाच जागी दोन्ही होतात, आणि दोन्ही आपापल्या वेळेतच राहतात. हे सगळं निघण्याआधी मोहल्ल्यातल्या इमामसाहेबांना विचारून घेतलं होतं. आपापल्या घराचा मसला प्रत्येकाने तसाच विचारून घ्यावा.

बुधवारी सकाळी पार्क उघडायच्या आधी दाराशी होतो. आत बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत, म्हणून नाश्ता पोटभर करून गेलो आणि अम्मींच्या गोळ्या पर्समध्ये वेगळ्या ठेवल्या. वॉटर पार्क या वेळी यादीत घेतलं नव्हतं. तिथे सुती कपडे चालत नाहीत, पोहण्याचाच पोशाख लागतो. आता अंगभर झाकणारे तसे पोशाख मिळतात. ज्यांना जायचं असेल त्यांनी तो पोशाख चालेल का हे आधी फोनवर विचारून घ्यावं.

मुलं नायट्रोकडे धावली. तिथे हवेत उलटं करणाऱ्या गाडीला खाली फरशीच नाही, पाय मोकळे लोंबतात. आमच्यापैकी कुणाची हिंमत झाली नाही. चाचींची झाली. त्यांनी स्कार्फची दोन्ही टोकं आत खोचली, पिना काढून बॅगेत टाकल्या आणि गेल्या. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा खेळांत मोकळी ओढणी किंवा लोंबता नकाब धोक्याचा असतो. घट्ट बसणारा, पिना नसलेला स्कार्फ घरूनच घालून जावा. खाली उतरल्यावर चाची पाच मिनिटं काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “पुन्हा जाऊ?”

अलीबाबा आणि चाळीस चोरांच्या खेळात मुलांनी चोरांवर नेम धरले. अम्मी सावलीत बसून माणसं बघत होत्या. आम्ही त्यांना ‘आय फॉर इंडिया’ला नेलं. तिथे खुर्चीत बसवून मोठ्या पडद्यासमोर उचलतात आणि आपण देशावरून उडतोय असं वाटतं. आधी तिथल्या माणसाला त्यांचे गुडघे आणि रक्तदाबाची गोळी दोन्ही सांगितलं. बाहेर आल्यावर अम्मी म्हणाल्या, “विमान में बैठे सरीका लगा.” त्या विमानात कधी बसलेल्या नाहीत.

अडीच वाजता अम्मी दमल्या. आणि त्याच वेळी चार वर्षांचा लहानगाही रडायला लागला. घरातलं सगळ्यात म्हातारं आणि सगळ्यात लहान माणूस एकाच वेळी थकतं, हे त्या दिवशी नीट कळलं. क्रूझर बाहेरच उभी होती. वीस-पंचवीस मिनिटांत दोघं लॉजच्या खोलीत होते. आणि तिथे फुफी बसलेली होती.

हेही मशवऱ्यात ठरलेलं. आम्ही फुफीला म्हटलं होतं, आम्ही तुझ्याकडे येत नाही, तूच आमच्याकडे पाहुणी म्हणून ये. पनवेलहून एसटीने ती दुपारी खोपोलीला आली. तिला पाळण्यांत रस नव्हता. तिला आई हवी होती. लग्नानंतर मायलेकी भेटायच्या त्या कुणाच्या तरी लग्नात, नाहीतर कुणाच्या तरी मय्यतीत, आणि दोन्हीकडे हातात काम असायचं. त्या दुपारी दोघींच्याही हातात काम नव्हतं. लहानगा मध्ये झोपलेला.

आम्ही पार्कात जोहर-असर पढलो ती एका शांत कोपऱ्यात, तिथल्या सुरक्षारक्षकाला विचारून. एकाच चटईवर दोन मसलक. आमच्या असरची वेळ व्हायला थोडा अवकाश होता, तोपर्यंत चाची मुलांना घेऊन थांबल्या. संध्याकाळची मिरवणूक बघून, मगरिबनंतर आम्ही परतलो. रात्री खानावळीत दहा माणसं एका रांगेत जेवली. बायकांपैकी कुणीही उठून वाढलं नाही. फुफीला दोनदा सवयीने उठताना आम्ही बसवलं.

त्या रात्री अम्मींच्या खोलीतला दिवा एकपर्यंत चालू होता. दुसऱ्या दिवशी थोरलीने विचारलं, दादी आणि फुफी एवढं काय बोलत होत्या? आम्हाला माहीत नाही. ते आमच्यासाठी नव्हतंच.

राहायची जागा निवडताना आपण दर बघतो, फोटो बघतो, अंतर बघतो. बघावंच. पण त्याआधी एक कागद घ्यावा आणि घरातल्या प्रत्येक माणसाचं नाव लिहून त्यापुढे लिहावं, या मुक्कामात याला सुट्टी मिळणार की नाही. ज्या नावापुढे ‘नाही’ येतं, मग ते नाव दादीचं असो, बायकोचं असो की ज्या बहिणीकडे उतरायचं तिचं, तिथून पुन्हा विचार सुरू करावा. आणि त्या माणसाच्या वतीने आपण बोलण्याऐवजी त्यालाच विचारावं. उत्तर बहुतेक वेळा लहान असतं. खालची खोली, बसायला खुर्ची, एवढंच.

येत्या सुट्टीत आपल्यापैकी जी घरं निघतील त्यांचा सफर अल्लाह आसान करो. मुक्कामाच्या दारात नाव मोठ्याने सांगा, आणि गाडीत बसताना मागे कुणी राहिलं नाही ना, एवढं पाहून घ्या.